घरची शाळा : दिसलें तेवढेंच

मुलें तासन् तास पडद्याकडे डोळे लावून बसतात, ही तक्रार आतां घरोघरीं ऐकूं येते. ती खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. तथापि त्याच पडद्याचा निरीक्षण शिकविण्याकडे कसा उपयोग होतो, याचा एक प्रयोग आमच्या घरीं गेले कांहीं महिने चालू आहे, व त्याविषयीं या खेपेस लिहावयाचें योजिलें आहे. त्यांत चूक झाली ती मुलांची नव्हे, माझी, तीहि सांगतों.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत मॉन्टेरे नांवाचें किनाऱ्यावरील गांव आहे. तेथें सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचा एक जुना कारखाना होता. त्या जागीं 1984 सालीं मोठें मत्स्यालय उघडलें. या मत्स्यालयानें आपल्या कित्येक टांक्यांवर वेबकॅम, म्हणजे जें घडत आहे तें त्याच क्षणीं दूरवर दाखविणारे कॅमेरे, बसविले आहेत, आणि तीं दृश्यें पाहण्यास कांहीं मोल पडत नाहीं. उन्हाळ्यांत आपल्याकडे सायंकाळचे साडेसात होतात तेव्हां तेथें सकाळचे सात वाजतात. हिवाळ्यांत हीच वेळ आपल्या साडेआठांवर येते. म्हणजे आपल्याकडे दिवेलागण होऊन शुभंकरोति आटोपते त्या सुमारास तिकडील दिवस उगवतो. तिकडे रात्र असतां मात्र आधीं घेतलेलें चित्रण दाखवितात. तेव्हां पडद्यावरील सूचना वाचून मगच वही उघडावी, नाहींतर शिळें दृश्य ताजें म्हणून उतरून घेतलें जाईल.

माझी नात दहा वर्षांची व नातू सात वर्षांचा. नातीनें निवडलें समुद्री पाणमांजर. आपल्या नद्याखाड्यांतून जें पाणमांजर आढळतें त्याचेंच हें भाऊबंद. पण हें जवळजवळ सारा जन्म समुद्रांत काढतें. सील व देवमासा यांस थंडीपासून राखणारा चरबीचा जाड थर असतो, तो यास नाहीं. त्याऐवजीं केंस आहेत, आणि तेहि एका चौरस इंचांत दहा लाखांपर्यंत! माणसाच्या सबंध डोक्यावर सुमारें एक लाखच असतात. या दाट केंसांत हवा कोंडून राहते व थंड पाणी कातडीस शिवत नाहीं. केंस मळले कीं ही हवा टिकत नाहीं, म्हणून बिचारें दिवसांतून कितीदां तरी अंग चोळीत, चाटीत, केंसांत हवा भरीत असतें. शिवाय ऊब राखण्यासाठीं त्यास रोज आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकें खावें लागतें. (त्याचें खेकडे खाणें पाहून मुलांच्या आजीनें तोंड फिरविलें, पण समुद्रांत तें छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले आपटून फोडतें, हें ऐकल्यावर ‘नारळासारखे?’ असा प्रश्न तिनेंच प्रथम केला.)

याच केंसांच्या लोभानें 18 व्या व 19 व्या शतकांत या प्राण्याची बेसुमार शिकार झाली. 1911 सालीं आंतरराष्ट्रीय करारानें त्यास संरक्षण मिळालें, तोंवर फारच थोडे प्राणी उरले होते. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारें तीन हजार आहेत. मत्स्यालयांत दिसतात तीं पाणमांजरें समुद्रांत परत सोडण्याजोगीं नसल्यामुळें सांभाळलेलीं असतात. त्यांतील टूला नांवाच्या मादीनें 2001 सालीं एका पोरक्या पिल्लाला आपलें मानून वाढविलें, व तेव्हांपासून तेथील माद्यांकडे अशीं पिल्लें सोंपविण्याची पद्धत पडली.

पहिल्या संध्याकाळीं नातीनें लिहिलें, ‘तें खेळत होतें. त्याला मजा वाटत होती.’ मी विचारलें, मजा तुला दिसली कोठें? ती म्हणाली, चेहऱ्यावर. मग पुन्हां नीट पाहून तिनें लिहिलें, ‘उताणें झालें. दोन्ही पंजांनीं गाल चोळले. अंगाभोंवतीं तीनदां गिरकी घेतली.’ ही गिरकी म्हणजे केंस धुण्याचाच भाग आहे. दिसलें तें वेगळें व त्यावरून ताडलें तें वेगळें, एवढी एकच गोष्ट मुलांच्या हातीं लागण्यास चार दिवस गेले, आणि ते दिवस वायां गेले असें मला वाटत नाहीं.

सात वर्षांच्या मुलास एवढें लिहिणें जड जातें. त्याला जेलीफिश दिली. तिला मेंदू नाहीं, हृदय नाहीं. छत्री मिटते व उघडते एवढेंच तिचें चालणें. एक मिनिटांत छत्री किती वेळां मिटते तें मोजावयाचें. दोनदां मोजलें तर दोन आंकडे निराळे येतात, याचें त्यास प्रथम रडूं आलें व नंतर तोच त्याचा खेळ झाला.

नातीसाठीं पुढील पायरी योजली ती जीन आल्टमन या विदुषींच्या पद्धतीची. या मूळच्या गणिताच्या. पुढें केनियांतील अंबोसेली येथें बबून माकडांचा अभ्यास करूं लागल्या. वर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्या यावर 1974 सालीं त्यांनीं लिहिलेला निबंध आजहि या क्षेत्रांत पायाभूत मानतात. जें लक्ष वेधील तेवढेंच लिहिलें, तर उड्या मारणाऱ्याची वही फुगते व निजलेल्याची कोरी राहते. म्हणून ठराविक क्षणीं, प्राणी जें करीत असेल तें नोंदावें, हा त्यांतील एक मार्ग. आम्हीं पंधरा मिनिटें बसावयाचें ठरविलें. दर मिनिटास घड्याळ वाजलें कीं एक अक्षर लिहावयाचें: विसाव्यास वि, अंग चोळण्यास अं, पोहण्यास पो, खाण्यास खा.

पहिल्याच रात्रीं पांच रकाने रिकामे राहिले. पाणमांजर कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेलेलें! ‘आजोबा, इथें काय लिहूं?’ नातीनें विचारलें. मला ते रिकामे रकाने डोळ्यांत खुपले. मी म्हणालों, ‘पोहतच गेलें ना बाहेर? पो लिही.’ तिनें लिहिलें. आठवडाभर असेंच चाललें. रविवारीं बेरीज केली, तों एकशें पांच नोंदींत निम्म्याहून अधिक पो निघाले. ‘पाहिलेंस, केवढें चपळ जनावर!’ असें मी कौतुकानें म्हटलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, ‘पण आजोबा, त्यांतले आपण घातलेले किती?’

मला सांगतां येईना. पाहिलेले पो आणि भरलेले पो वहींत अगदीं सारखे दिसत होते. तें जनावर त्या वेळीं कोपऱ्यांत उताणें पडून झोंपलें असेल, तर आम्हीं त्याच्या झोंपेलाच पोहणें ठरविलें होतें. प्राण्यांचें निरीक्षण करणारे अभ्यासक ‘दिसत नाहीं’ असा रकाना आरंभींच आंखून ठेवतात व टक्केवारी काढतांना त्या नोंदी वगळतात, हें मला वाचून ठाऊक होतें. तरी हातून घडलें तें हें.

सबंध आठवडा रद्द केला. पानें फाडलीं नाहींत. खालचें अक्षर वाचतां येईल अशी एकच रेघ प्रत्येक पानावर ओढावयाची व समासांत कारण लिहावयाचें, असें मीं सांगितलें. नातीनें रेघा ओढल्या. मग लेखणी थांबवून तिनें विचारलें, ‘कारणांत तुमचें नांव घालूं का?’ मी म्हणालों, ‘घाल.’ तेव्हांपासून वहींत ‘दि. ना.’ असें पांचवें अक्षर आलें आहे, आणि कांहीं रात्रीं तेंच सर्वांत अधिक असतें.