गायीचा दर ठरतो, लेकराचा का नाही?

आलापल्लीच्या परिसरात गाय राखण्याचा दर आहे. मूल राखण्याचा नाही. पावसाळा तोंडावर आला की गावकरी गुराख्याशी बोलणी करतात. जनावरामागे महिन्याला किती रुपये किंवा सुगीला किती धान, दूध पिणारे वासरू धरायचे की नाही, जनावर हरवले तर शोधायचे कुणी, हे सारे चारचौघांत ठरते. त्यामुळे गुराखी लोभी ठरत नाही आणि गायीचा मालक कंजूष ठरत नाही. त्याच गावातील एखादी बाई शेजारणीची दोन लेकरे सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत सांभाळते, तेव्हा मात्र ‘किती द्यायचे?’ हा साधा प्रश्न उच्चारणेही असभ्यपणाचे मानले जाते. हा संकोच सुसंस्कृतपणाचा नाही, तो अन्यायाचा आहे, असे मला या लेखात निक्षून सांगायचे आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे सागवानाच्या जंगलातले गाव. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या दिशांचे रस्ते येथून फुटतात. वनखात्याची कचेरी, शाळा, दुकाने यांमुळे बाहेरून बदलून आलेली नोकरदार कुटुंबे येथे पुष्कळ. त्यांची सासू-आई दूर राहिलेली असते. म्हणून मूल शेजारणीकडे राहते. मोलमजुरी करणाऱ्या घरांतही तेच घडते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम आला की बाया उजाडण्यापूर्वी जंगलात जातात, दुपारी परततात आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर नेतात. त्या काळात गावात मागे उरलेल्या एकीच्या अंगणात चार-पाच घरची लेकरे असतात. शंभर पुडक्यांचा दर काय, यावर ग्रामसभेत तासन्‌तास चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ज्या बाईने लेकरे सांभाळली म्हणून ती पुडकी बांधली गेली, तिच्या दराची चर्चा कोणत्या सभेत होते?

काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे दोन कुटुंबांचा तंटा आला. एक भगिनी पगारदार होती. तिची शेजारीण विधवा, शिवणकामावर घर चालवणारी. तिने शेजारणीची दोन मुले तीन वर्षे सांभाळली. त्याबद्दल तिला नाताळाला साडी, अधूनमधून डबाभर साखर आणि ‘ताई, तुमचे उपकार कसे फेडू?’ हे वाक्य मिळत असे. रांगते मूल सुईजवळ येते म्हणून तिचे शिवणयंत्र दिवसभर झाकून राहू लागले. मीही तिला एकदा म्हणालो होतो, ‘बाई, तुमची ही सेवा देव पाहतो आहे.’ देव पाहत होताच. पण किराणा दुकानाची उधारी त्याने फिटत नव्हती.

एके दिवशी धाकट्याच्या पायावर गरम पेज सांडली. आईने विचारले, ‘ताई, तुमचं लक्ष कुठं होतं?’ शेजारीण म्हणाली, ‘तीन वर्षांत तुम्ही कधी विचारलंत का, माझं कसं चालतं?’ पायाची जखम महिन्याभरात भरली. त्या दोन घरांमधली जखम मात्र आजही भरलेली नाही. मिस्सेला दोघी दोन टोकांना बसतात. त्या वेळी मी दोघींना क्षमेचा उपदेश केला. आज वाटते, तो उपदेश घाईचा होता. क्षमेच्या आधी हिशेब व्हायला हवा होता.

‘फादर, हा तर शेजारधर्म! त्यात पैसा आला की प्रेम गेले,’ असे मला नेहमी ऐकवले जाते. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. शेजारीण बाळंत झाली, कुणी आजारी पडले, कुणाला अचानक चंद्रपूरला दवाखान्यात न्यावे लागले, तर तिची मुले आपल्या घरी जेवतील आणि झोपतील. त्याचे पैसे घेणाऱ्याला मीही चार शब्द सुनावीन. तो शेजारधर्म. पण जे काम रोज, ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या कमाईसाठी केले जाते, ते श्रम आहेत. अडीअडचणीचे नाव देऊन बारमाही काम करून घेणे हा शेजारधर्म नव्हे, तो शेजारधर्माचा गैरफायदा आहे.

शिवाय प्रेमाची ही सबब नेहमी एकाच दिशेने का वाहते? पगारदार आई आपल्या कचेरीत प्रेमापोटी फुकट काम करीत नाही. प्रेमाचा दाखला मिळतो तो फक्त गरीब शेजारणीला. ती दर सांगत नाही, कारण सांगितला तर संबंध तुटतील अशी तिला भीती असते. समोरची विचारीत नाही, कारण न विचारणे तिला परवडते. या मौनाला आपण सौजन्य म्हणतो. प्रत्यक्षात ते दुबळ्याच्या अंगावर चढत जाणारे कर्ज आहे.

आपल्या पवित्र ग्रंथाला हा संकोच ठाऊक नाही. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात फारोची कन्या नदीकाठी सापडलेले बाळ एका इब्री स्त्रीच्या हाती देते आणि त्याच क्षणी तिला वेतन देण्याचे कबूल करते. ती स्त्री त्या बाळाची खरी आई होती. पोटच्या पोराला पाजण्याचेही मोल राजकन्येने मागितल्याविना बोलून दाखवले, आणि त्या वेतनाने मोशेच्या आईचे प्रेम कमी झाले असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनीदेखील पहाटेच्या मजुरांना दिवसाचा एक दिनार आधी ठरवूनच कामावर पाठवतो. त्याचे औदार्य ठरलेल्या वेतनानंतर येते, त्याच्याऐवजी नव्हे.

‘ती काहीच मागत नाही’ ही आणखी एक पळवाट. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये बजावले होते की, मजूर एखाद्या वेतनाला राजी झाला एवढ्याने ते वेतन न्याय्य ठरत नाही, गरज माणसाला कशालाही राजी करते. नव्वद वर्षांनी, १९८१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’मध्ये मातांच्या कष्टांचे आणि मुलांना लागणाऱ्या संगोपनाचे समाजाने नव्याने मोल करावे असे सांगितले. ही शिकवण गिरणी-कारखान्यांपुरती आहे आणि आपल्या ओसरीला लागू नाही, असे आपल्याला कुणी सांगितले?

आता दराचा प्रश्न. ‘मूल सांभाळण्याचा दर ठरवणार कसा?’ असे विचारणाऱ्यांना आपल्याच देशातील एका कायद्याने उत्तर देऊन ठेवले आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली गेली की, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या बायांपैकीच एकीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी. म्हणजे माती खणणारी आणि शेजारणींची मुले राखणारी, दोघींचा घाम कायद्याने मजुरीच्या एकाच मापात मोजला.

हेच माप आपण घरी आणावे. समजा, गावात शेतमजुरी दिवसाला तीनशे रुपये आहे. पाच मुलांमागे एक मजुरी, तर एका मुलाचे पूर्ण दिवसाचे साठ रुपये. हा किमान आकडा झाला, आणि तो मजूर आईसाठी. तान्हे मूल दोघांच्या बरोबरीचे धरावे. आई पगारदार असेल तर तिने स्वतःला विचारावे, ‘आज बिनपगारी रजा घेतली असती तर किती रुपये कापले गेले असते?’ त्याचा योग्य वाटा शेजारणीचा आहे. तेंदूच्या हंगामात तर रोख पैशाचीही गरज नाही. पाच जणींनी आपापल्या तोडणीतील सहावा हिस्सा मागे राहिलेल्या सहावीच्या नावे दिला, तर सहाही जणींच्या पदरात जवळपास सारखे पडते.

दराइतक्याच अटी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या पहिल्या दिवशीच बोलाव्यात. मूल किती वाजता येणार, किती वाजता जाणार. उशीर झाला तर काय. दूध, खाऊ, दुपट्यांचा खर्च कुणाचा. ताप आलेले मूल आणायचे की नाही, औषध कुणाच्या सांगण्यावरून द्यायचे. आईबापांखेरीज मूल कुणाच्या हाती सोपवायचे. सुरजागडच्या लोहखाणीच्या मालमोटारी येथून धावू लागल्यापासून आलापल्लीचा रस्ता लेकरांचा राहिलेला नाही. तेव्हा फाटक लावलेले अंगण हीसुद्धा अट असावी. सांभाळणारीला आठवड्याची सुट्टी असावी. पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, न मागता मिळावेत. काम थांबवायचे तर दोन्ही बाजूंनी महिनाभर आधी सांगावे. वहीच्या एका पानावर हे सारे मावते. ते पान त्या दोन घरांत असते, तर पेज सांडल्यावर भांडण पेजेपुरतेच राहिले असते.

एक अट मात्र कोणत्याही दराने मोडता येणार नाही: सांभाळणारी व्यक्ती प्रौढ असावी. दहा-बारा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून शेजाऱ्याचे मूल तिच्या कडेवर देणे हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा व्यवहार आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्या भावंडाला राखणाऱ्या मुलीला शिकता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. या स्त्रियांनी मूल सांभाळणे हे शिक्षणाचे आणि प्रतिष्ठेचे काम मानले.

आणि सरकारने? अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तेथील सेविकांच्या मोबदल्याला ‘मानधन’ हे गोंडस नाव मिळाले. मान शब्दात राहिला, धन मागण्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घ संप केला. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत आणि त्यांचे मानधन त्या कायद्यापुरते वेतनच होय, असा निर्णय दिला. न्यायालयाने ‘मानधना’चा पडदा बाजूला सारला. आपण ‘शेजारधर्मा’चा पडदा कधी सारणार?

जिला खरोखर देणे शक्य नाही, तिने काय करावे? तिनेही बोलावे. ‘ताई, पैसे नाहीत, मी रविवारी तुमची मुले सांभाळीन, धानाच्या कापणीला दोन दिवस येईन,’ असे ठरवावे. आणि सांभाळणारी सर्व जाणून म्हणाली, ‘राहू द्या, मला काही नको,’ तर ते दान. दान देण्याचा हक्क देणारीचा आहे. घेणारीने ते गृहीत धरायचे नसते.

हे लिहिताना बोट माझ्याकडेही वळते. धर्मग्रामात शिबिर असो वा सभा, ‘मुलांकडे पाहायला दोघी-तिघी थांबा’ असे आम्ही सहज म्हणतो, आणि थांबणाऱ्या बाया दर वेळी त्याच असतात. त्यांना आम्ही टाळ्या देतो. यापुढे माझ्या धर्मग्रामात अशा कामाची रक्कम सभेच्या खर्चात आधी मांडली जाईल. उरलेले काम घराघरांतले आहे. ज्या शेजारणीकडे आपले लेकरू आज सायंकाळपर्यंत आहे, तिला आजच विचारा, ‘ताई, तुमचे किती झाले?’