पहिलीच्या वर्गासाठी पुरेशी पात्रता कोणती?

११ ऑगस्ट २०२३ रोजी संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचे सूप वाजले. फौजदारी कायद्यांची जागा घेणारी तीन विधेयके त्याच दिवशी लोकसभेत मांडली गेली आणि राजधानीतील वार्ताहरांना दुसरीकडे पाहण्यास उसंत उरली नाही. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ‘देवेश शर्मा विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात दिलेला निकाल त्यामुळे आतल्या पानांत गेला. न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या खंडपीठाने म्हटले ते थोडक्यात असे : बी.एड. झालेली व्यक्ती केवळ त्या पदवीच्या बळावर पहिली ते पाचवीच्या वर्गांवर शिकविण्यास पात्र ठरत नाही. त्या वर्गांसाठी प्राथमिक शिक्षणाची पदविका, म्हणजे आपल्याकडे ज्याला पूर्वी डी.एड. म्हणत ते डी.एल.एड. किंवा तत्सम प्रशिक्षण आवश्यक आहे.

या निकालाकडे देशभर पाहिले गेले ते नोकऱ्यांच्या चष्म्यातून. बी.एड.धारकांना धक्का, डी.एल.एड.धारकांना दिलासा, अशी सरळ विभागणी झाली. लाखो तरुणांच्या पोटाचा प्रश्न असल्याने ते स्वाभाविकही होते. परंतु न्यायालयाने उपस्थित केलेला मूळ प्रश्न, सहा वर्षांच्या मुलाला शिकविण्यासाठी काही स्वतंत्र विद्या लागते की नाही हा, राजकीय वर्तुळात जवळजवळ कोणीच उचलला नाही. दिल्लीत प्राथमिक शिक्षकाचा विषय निघतो तो रिक्त जागांच्या आकड्यापुरता किंवा मुदतवाढीच्या विधेयकापुरता. त्याच्या प्रशिक्षणाचा आशय हा राजकीय विषय मानलाच जात नाही.

वाद उद्भवला तो २८ जून २०१८च्या एका अधिसूचनेतून. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरविले आणि नियुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट घातली. ही अधिसूचना परिषदेच्या स्वतंत्र विचारमंथनातून आलेली नव्हती. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ३० मे २०१८ रोजी परिषदेला कायद्याने बंधनकारक असा निर्देश दिला होता आणि त्यामागे केंद्रीय विद्यालय संघटनेला पात्र उमेदवार मिळण्यात येणारी अडचण होती. म्हणजे एका संस्थेच्या भरतीची सोय म्हणून संपूर्ण देशाच्या प्राथमिक शाळांचा दंडक बदलला गेला. राजस्थानने आपल्या भरतीत बी.एड.धारकांना वगळले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, नोव्हेंबर २०२१मध्ये तेथे ही अधिसूचना रद्दबातल ठरली आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सेतू अभ्यासक्रम प्रत्यक्षात कोठे होता, हा प्रश्न दरम्यानच्या काळात कोणी मंत्रालयाला निकराने विचारला असता, तर पुढचा बराच अनर्थ टळला असता.

अनर्थ झाला तो छत्तीसगडमध्ये. तेथे प्राथमिक शाळांत नेमलेल्या अडीच हजारांहून अधिक बी.एड.धारक सहायक शिक्षकांना उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२४ संपता संपता सेवामुक्त करण्यात आले. महिनोन्‌महिने रायपुरात आंदोलने झाली आणि एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २,६२१ जणांना विज्ञान प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकपदी सामावून घेण्याचे ठरविले. या तरुणांचा दोष काय? सरकारने छापलेल्या नियमावर विश्वास ठेवून त्यांनी अर्ज केला होता. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल पुढील काळासाठीच लागू असल्याचे स्पष्ट करून आधीच्या अनेक नियुक्त्यांना संरक्षण दिले, पण न्यायालयीन अटींच्या अधीन राहून नेमल्या गेलेल्यांना त्याचा आधार मिळाला नाही.

अधिसूचनेच्या मुळाशी असलेली समजूत मात्र केवळ मंत्रालयाची नाही, ती आपल्या मध्यमवर्गाचीही आहे. बी.एड. ही पदवीनंतरची पदवी, डी.एल.एड. ही बारावीनंतरची पदविका. जो ‘वरचे’ शिकला त्याला ‘खालचे’ येणारच, असे त्यात गृहीत असते. वस्तुस्थिती अशी, की एनसीटीईच्या २०१४च्या नियमांतच बी.एड.चा उद्देश सहावीपासून पुढच्या वर्गांचे शिक्षक घडविणे हा सांगितला आहे. विषयाचे अध्यापन हा त्याचा गाभा आहे. पहिलीच्या वर्गात विषय नसतो, मूल असते.

एक साधे उदाहरण घेऊ. मराठी आणि हिंदीत दोन अंकी संख्या उच्चारताना एकक आधी येतो. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन प्रथम आणि पन्नास नंतर. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल पुष्कळदा ३५ लिहिते. दुसरे मूल ‘एकशे तेवीस’ हे १००२३ असे लिहिते, कारण त्याने शंभर लिहिले आणि त्यापुढे तेवीस लिहिले. गणितात एम.एस्सी. झालेल्याला ही हयगय वाटण्याचा संभव आहे. प्राथमिक अध्यापनाचे नीट प्रशिक्षण घेतलेल्याला मात्र त्या चुकीत मुलाचा तर्क दिसतो, आणि दशकांचे गठ्ठे व सुट्या काड्या हाती देऊन तो तर्क पुढे कसा न्यायचा हे त्याला ठाऊक असते. घरी गोंडी किंवा भिली बोलणारे मूल प्रमाणभाषेच्या पाठ्यपुस्तकासमोर गप्प बसते तेव्हा काय करायचे, पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत असताना तिसरीला कामाला लावून पहिलीकडे कसे वळायचे, हेही याच विद्येत येते. आणि ही चैनीची गोष्ट नव्हे. शिक्षण मंत्रालयाच्या २०२४-२५च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत.

अर्थात, डी.एल.एड. देणाऱ्या सर्व संस्थांतून ही विद्या दिली जाते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. येथे महाराष्ट्राचे नाव घ्यावे लागते आणि ते अभिमानाने घेता येत नाही. न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२चा अहवाल हा अध्यापक शिक्षणावरचा अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज. तो नेमण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली ती महाराष्ट्रातील २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या खटल्यातून. त्या काळात बारावीनंतर हमखास नोकरीचा मार्ग म्हणून डी.एड.कडे झुंबड होती आणि गावोगावच्या पुढाऱ्यांना अध्यापक विद्यालय म्हणजे साखर कारखान्यानंतरची पायरी वाटत होती. पुढे भरती रखडली आणि याच विद्यालयांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या देशातील सुमारे ९० टक्के संस्था खासगी क्षेत्रात असल्याचे आयोगाने नोंदविले. नियमन करणारी परिषद १९९३च्या कायद्याने स्थापन झाली होती, पण तिच्या प्रादेशिक समित्यांनी मान्यतापत्रे कशी वाटली, हे सांगण्यास त्या खटल्याची कागदपत्रे पुरेशी आहेत.

संसदेचे वर्तन याहून वेगळे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २३व्या कलमाने अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळविण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती मार्च २०१५मध्ये संपली. शिक्षक अप्रशिक्षितच राहिले. दोन वर्षांनी, २०१७मध्ये, सरकार दुरुस्ती विधेयक घेऊन आले आणि मुदत ३१ मार्च २०१९पर्यंत वाढली. त्यानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या १८ महिन्यांच्या दूरस्थ पदविकेला दहा लाखांहून अधिक सेवेतील शिक्षक बसले. या पदविकेचे मोल काय, यावरही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३मध्ये ती दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नसल्याचे न्यायालयाने म्हटले, तर डिसेंबर २०२४मध्ये १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत ती पूर्ण केलेल्या शिक्षकांपुरती ती वैध ठरविली. १ सप्टेंबर २०२५च्या आणखी एका निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्यात महाराष्ट्राचे प्रकरणही होते. संसद मुदती वाढविते, मंत्रालय अपवाद करते आणि अर्थ न्यायालय लावते, असा हा क्रम आहे. शिकविणे कसे शिकविले जाते याची तपासणी या तिघांपैकी कोणाच्याच कामकाजपत्रिकेवर नाही.

चांगले काही घडलेच नाही, असे नाही. राजीव गांधींच्या काळातील १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’ उभारण्याची कल्पना मांडली. प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण त्याच्या जिल्ह्यात, त्याच्या बोलीत आणि त्याच्याच शाळांच्या शेजारी व्हावे, ही त्यामागची दृष्टी आजही पटते. दिल्ली विद्यापीठाने १९९४मध्ये बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एल.एड. अभ्यासक्रम सुरू केला. प्राथमिक शिक्षकाला विद्यापीठीय पदवीचा मान देणारा आणि तरीही लहान मुलाला केंद्रस्थानी ठेवणारा असा दुसरा अभ्यासक्रम देशात विरळा. पण डाएटमधील प्राध्यापकपदे अनेक राज्यांत रिक्त राहिली, आणि २०१८मध्ये अध्यापक शिक्षणाची स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजना ‘समग्र शिक्षा’त विलीन झाली. अनुदान मागण्यांच्या चर्चेत या विषयाला आपला असा रकानाही मग उरला नाही.

आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी ठरविली आहे. मार्च २०२३मध्ये ५७ संस्थांत ती प्रायोगिक स्वरूपात सुरू करण्याची घोषणा झाली आणि दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत् परिषदेनेही त्याच वर्षी बी.एल.एड.च्या जागी हा नवा अभ्यासक्रम आणण्यास, काही सदस्यांचा विरोध असताना, मंजुरी दिली. प्राथमिक शिक्षकाला पदवीधराचा दर्जा मिळणार असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. वर्मा आयोगाचाही रोख प्रशिक्षणाचा काळ आणि खोली वाढविण्याकडे होता. नव्या अभ्यासक्रमात पायाभूत आणि पूर्वतयारी स्तरांची वेगळी वाट ठेवली आहे, हेही योग्य. शंका अंमलबजावणीची आहे. बहुविद्याशाखीय संस्थांतच हे शिक्षण द्यावे, असे धोरण सांगते. डाएट आणि ग्रामीण अध्यापक विद्यालये तर एकट्या, स्वतंत्र संस्था आहेत. प्रवेश राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेतून होतात. आज तालुक्याच्या गावी बारावी होऊन जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वर्षे राहणारी मुलगी चार वर्षांसाठी विद्यापीठाच्या शहरात जाऊ शकेल का, आणि गेली तर वस्तीवरच्या शाळेत परतेल का? बंजारा तांड्यावर, संथाळ पाड्यात किंवा बस्तरच्या आश्रमशाळेत मुलांची बोली जाणणारी शिक्षिका बहुधा याच पदविकेच्या वाटेने आलेली असते.

डाएटना ‘उत्कृष्टता केंद्रे’ करण्याची घोषणा मंत्रालयाने केली आहे. इमारती आणि संगणक त्यातून येतील. विरोधी पक्षांना, आणि खरे तर सत्ताधारी बाकांवरील ग्रामीण खासदारांनाही, येत्या अधिवेशनांत विचारण्याजोगा प्रश्न सरळ आहे : सहाशेहून अधिक डाएटपैकी कितींना २०३०पूर्वी चार वर्षांचा अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी मिळेल, त्यांपैकी किती ठिकाणी पायाभूत स्तराची तुकडी असेल आणि तेथील किती प्राध्यापकपदे आज भरलेली आहेत? उत्तर राज्यवार मागावे आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास सांगावे.