आडवाटेचे पाहुणे

पाऊस ओसरला, भातकापणी आटोपली आणि दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की गोमंतकाकडे पाहुण्यांचा ओघ सुरू होतो. हा ओघ कोठे जातो ते सांगावयास नको. कळंगुट, बागा, कोलवा, पाळोळे ही नावे आता देशभर घरोघरी पाठ झाली आहेत. मात्र या महापुराच्या कडेने एक बारीक ओहोळ उलट दिशेस वाहताना दिसतो. दोघेजण असतात, बहुधा नवरा-बायको. एका मोटारसायकलवर दोघे, किंवा दोघांच्या दोन. समुद्राकडे पाठ करून ते वाळपई, सांगे, केपे, काणकोण या बाजूस निघतात. वाड्यावस्तीकडे फुटणारा खडीचा किंवा तांबड्या मातीचा रस्ता दिसला की डांबर सोडतात. आणि ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाने, वाटेल तेथे थांबत, दिवस मावळेपर्यंत फिरत राहतात. विमानतळावरील शिरगणतीत आणि हॉटेलांच्या नोंदवहीत यांचे वेगळे असे काही स्थान नाही. तरीही त्यांची दखल घ्यावी असे आम्हांस वाटते. कारण आपल्या अंतर्भागातील रस्ते कोणासाठी आहेत आणि ते कसे असावेत, हा प्रश्न हे दोघे नकळत आपल्यापुढे उभा करतात.

दुचाकीवरून आडवाटा तुडवणे हे आपल्याकडे नवे नाही. बस जेथे थांबते तेथून पुढे पिवळ्या मडगार्डचा ‘पायलट’ प्रवाशाला पाठीशी बसवून थेट अंगणात नेऊन सोडतो, ही सोय गोमंतकाने केव्हाच अंगवळणी पाडून घेतली. येझदी, राजदूत, बुलेट या गाड्यांनी खेड्यांतील खडी पिढ्यान् पिढ्या सोसली. खास खडबडीत वाटांसाठी घडविलेली मोटारसायकल मात्र नंतरची. यामाहा या जपानी कारखान्याने १९६८ च्या सुमारास डीटी-१ नावाची अडीचशे सीसीची गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली आणि उंच बैठकीच्या, खाचदार टायरांच्या, हलक्या सांगाड्याच्या या वाहनाने रानवाटा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणून ठेवल्या. आपल्या देशात रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये आणि हिरोची एक्सपल्स २०१९ मध्ये आली. तेव्हापासून ही हौस मध्यमवर्गीय घरांतही शिरली आहे. हौस वाईट नव्हे. ती कोणत्या वेगाने आणि कोणत्या वृत्तीने भागवली जाते, यावर तिचे बरे-वाईट ठरते.

खडीचा रस्ता स्वतःच वेगाचा धडा देतो. सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. पुढचा ब्रेक जोराने दाबला तर चाक अडते आणि स्वार भुईवर येतो. कोरड्या दिवसांत जांभ्याची माती पिठासारखी होते, आणि एक सर पडून गेली की तीच माती तेलासारखी निसरडी बनते. याहून मनोरंजक गोष्ट शास्त्रज्ञांनी दाखवून दिली आहे. कच्च्या रस्त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या ज्या आडव्या लाटा उठतात, त्या कशा बनतात याचा अभ्यास करून काही संशोधकांनी २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर साधे चाक चालवून त्यांनी पाहिले. एका विशिष्ट वेगाच्या खाली पृष्ठभाग सपाट राहतो. तो वेग ओलांडला की लाटा उमटू लागतात. ही मर्यादा फारच कमी असल्यामुळे पूर्णपणे निर्दोष असे वाहन व्यवहारात सापडावयाचे नाही. परंतु खड्ड्यांसाठी पावसाला आणि कंत्राटदाराला दोष देणाऱ्या प्रत्येक वाहनचालकाने हे ध्यानी ठेवावे की रस्त्याच्या या एका दुखण्याचे मूळ त्याच्या स्वतःच्या वेगात आहे.

संथ चालणाऱ्याला या धड्याचा मोबदलाही मिळतो. केप्याहून तिळामळमार्गे रिवणकडे जाणारा रस्ता घ्या. भरधाव मोटार त्यावरून अर्ध्या तासात निघून जाते आणि आत बसलेल्यास झाडे हिरवी होती एवढेच आठवते. तेच अंतर रमतगमत कापणाऱ्या दोघांना कुळागरातून पाट वाहताना ऐकू येतो, माडापोफळींच्या सावलीत मिरीचे वेल दिसतात, अंगणात वाळत घातलेल्या सुपारीचा वास येतो. पणसायमळची वाट विचारून ते कुशावतीच्या काठी पोहोचले, तर जांभ्याच्या कातळावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेले बैल, हरिणे आणि वर्तुळांचे ते गूढ चक्र त्यांच्या पायांशी येते. हा ठेवा जगापुढे आला १९९३ साली. त्याआधी शेकडो वर्षे गुराखी त्यावरून ये-जा करीत होते. आपल्या भूमीतील पुष्कळशा गोष्टी अशाच आहेत. त्या दाखविण्यासाठी मोठे फलक लागत नाहीत. कोणीतरी थांबून गुराख्याला विचारावे लागते.

दोघे असण्यालाही येथे अर्थ आहे. अनोळखी एकटा स्वार वाडीत शिरला तर लोक बिचकतात. वीस जणांचा ताफा कर्कश आवाज करीत आला तर दारे लोटून घेतात. पण धुळीने माखलेले नवरा-बायको वडाच्या सावलीत गाडी लावून टेकले, की पाच मिनिटांत कोणीतरी म्हातारी बाहेर येते आणि “तुमी खंयचे?” म्हणून चौकशी करते. मग तांब्याभर पाणी येते, गुळाचा खडा येतो, आणि मुलेबाळे किती हा प्रश्नही येतो. आतिथ्याचा हा व्यवहार कोणत्याही पर्यटन योजनेने निर्माण केलेला नाही. तो बिघडविण्याची शक्ती मात्र पुष्कळ योजनांत आहे.

या जोडप्यांतील स्त्रीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मागे एका बाजूस पाय सोडून बसणारी आणि सर्व भार नवऱ्याच्या हातावर टाकणारी सहप्रवासिनी खडीच्या रस्त्यावर स्वतःलाही धोका आणि चालकालाही धोका. आज पुष्कळ ठिकाणी ती दोन्ही बाजूंस पाय टाकून, हेल्मेट घालून बसते, आणि आळीपाळीने गाडीही हाकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेटचे बंधन चालकाप्रमाणे मागे बसणाऱ्यावरही घातले आहे. पण हे कलम जणू फक्त पुढच्या डोक्यासाठी आहे अशी समजूत आपण अजून जपून ठेवली आहे. दगडाला पुढचे आणि मागचे डोके यांतला भेद कळत नाही.

येथवरचे चित्र रम्य आहे, आणि म्हणूनच येथे सावध होणे अगत्याचे आहे. पाहुण्याला जी वाट मोहक वाटते ती वाडीतल्या माणसाला वर्षाचे बाराही महिने तुडवावी लागते. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात मोरी वाहून गेली म्हणजे शाळेत जाणारे मूल घरी राहते, दूध डेअरीपर्यंत पोहोचत नाही आणि अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. शहरातून दोन दिवस आलेल्या हौशी माणसाने “हा रस्ता असाच राहू द्या, फार सुंदर आहे,” असे म्हणणे ही त्या बाळंतिणीची थट्टा होय. आमचे मत येथे निःसंदिग्ध आहे. ज्या वाटेवर वस्ती आहे, त्या वाटेवर भर पावसात रुग्णवाहिका पोहोचलीच पाहिजे, आणि तो हक्क कोणाच्याही सौंदर्यदृष्टीवर अवलंबून असता कामा नये.

परंतु या हक्काचा अर्थ प्रत्येक पाऊलवाट दहा मीटर रुंद करून तीवर डांबर ओतावे असाही होत नाही. कच्चा रस्ता म्हणजे दुर्लक्षित रस्ता, हे समीकरण आपल्या बांधकाम खात्यांनी रूढ केले आहे. मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने (१७५६-१८३६) दोन शतकांपूर्वी शिकवले ते अगदी साधे होते. रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, त्याला मध्यभागी हलका फुगवटा द्या, पाणी दोन्ही अंगांस काढून लावा, आणि फोडलेली खडी एकमेकींत घट्ट बसू द्या. खालची जमीन कोरडी राहिली तर ती वरचा भार आपोआप पेलते. असा खडीचा रस्ता बारमाही टिकतो, त्याची डागडुजी गावचे मजूर करू शकतात. उलट गटार नसलेल्या रस्त्यावर घाईने चोपडलेले डांबर पहिल्याच पावसाळ्यात उखडते, हा अनुभव कोणत्या गावाला नाही? चार घरांच्या वाडीला आधी चांगली मोरी, गटार आणि नीट दाबलेली खडी हवी असते. तिला मिळते ते निवडणुकीच्या तोंडावरचे डांबर.

सत्तरी, डिचोली, सांगे या भागांतील लोकांना धुळीच्या रस्त्यांविषयी वेगळ्याच आठवणी आहेत. खाणींच्या भरभराटीच्या काळात खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या रांगांनी तेथील गावरस्ते लाल केले, भातशेतीवर थर चढविले आणि रस्ता ओलांडणे जिवावरचे करून ठेवले. २०१२ साली खाणकाम थांबले तेव्हा कित्येकांची रोजीरोटी गेली, हेही विसरता येत नाही. त्या गावांना उत्पन्नाचे नवे साधन हवे आहे, आणि ‘किनाऱ्यापलीकडील गोवा’ ही घोषणा त्याच आशेवर उभी आहे. मात्र ट्रकांची धूळ गेली आणि हौशी स्वारांच्या टोळ्यांची धूळ आली, असे घडल्यास गावकऱ्याने या बदलात काय मिळवले?

ही भीती काल्पनिक नव्हे. रानवाटांच्या मोटारसायकली अमेरिकेत लोकप्रिय झाल्यावर चारपाच वर्षांतच वाळवंटे आणि डोंगरउतार चाकोऱ्यांनी चिरले जाऊ लागले. अध्यक्ष निक्सन यांना फेब्रुवारी १९७२ मध्ये आदेश काढून सार्वजनिक जमिनीवरील कोणत्या वाटा अशा वाहनांस खुल्या आणि कोणत्या बंद हे ठरविण्यास खात्यांना सांगावे लागले; १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी, हानी दिसताच वाट बंद करण्याचा अधिकार त्यात घातला. इंग्लंडमध्येही जुन्या गाडीवाटांवरील मोटार वाहनांच्या हक्कांना २००६ च्या कायद्याने मोठी कात्री लागली. आपल्याकडे म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली आणि तेथे प्रवेशाचे निर्बंध आहेत. पण अभयारण्यांच्या बाहेरच्या सड्यांना वाली कोण? उन्हाळ्यात ओसाड वाटणाऱ्या त्या कातळपठारावर मातीचा बोटभर थर असतो, आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या इवल्या वनस्पतींचे बी त्याच थरात निजलेले असते. त्यावरून एकदा चाके गरगरली की तो थर वाऱ्यापावसाबरोबर निघून जातो. ‘ओसाड’ म्हणून ज्यावर हुल्लड करायची, ते प्रत्यक्षात फुलांचे कोठार असते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, अंतर्भागातील कोणत्या खडीच्या वाटांवर फिरस्त्यांचे स्वागत आहे आणि कोणत्या वाटा, सडे, नदीपात्रे वाहनांस वर्ज्य आहेत, याची यादी पंचायतींनी आपापल्या ग्रामसभेत ठरवावी आणि सरकारने ती नकाशासह प्रसिद्ध करावी. गावाच्या दारात कोणी यावे हे गावानेच सांगणे उचित. दुसरी, भाड्याने मोटारसायकली देणाऱ्यांनी गाडीच्या किल्लीबरोबर ही यादी ग्राहकाच्या हाती द्यावी, आणि सायलेन्सर काढून गाडी पिटाळणाऱ्यास परवाना खात्याने मुळीच दया दाखवू नये. तिसरी, या फिरस्त्यांचा पैसा गावात राहील अशी साधी सोय व्हावी. चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान, उकड्या तांदळाचे जेवण, पंक्चर काढणारा गावचा पोरगा, वाट दाखविणारा जाणकार. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. परवान्यासाठी गावकऱ्याला पणजीस खेटे घालावे लागणार नाहीत, एवढे पाहिले तरी पुरे.

आणि त्या दोघांना काय सांगावे? अंगणात सुपारी वाळत असेल तेथे वेग आणखी उतरवा, म्हणजे तुमची धूळ तिच्यावर बसणार नाही. गुरे दिसली तर इंजिन थांबवा. वाट सोडून रानात शिरू नका. पाण्याची बाटली रिकामी झाली तर ती सोबत परत न्या, आणि ज्या घरी गूळपाणी मिळाले तेथून परतताना काहीतरी विकत घ्या. पूर्वी मिठाचे बैल घेऊन घाट चढणारे व्यापारी याच भागातील वाटांनी जात. तांड्याचा मुक्काम ज्या गावी पडे त्या गावाशी वर्षानुवर्षे संबंध राखण्यात त्यांचा स्वार्थही होता आणि शहाणपणही. पुन्हा त्याच वाटेने यायचे आहे, याचे त्यांना भान असे.

गोमंतकाला पाहुण्यांची वाण कधीच नव्हती, आणि पुढेही पडणार नाही. वाण आहे ती पुन्हा यावेत असे वाटणाऱ्या पाहुण्यांची. ज्यांच्या येण्याने रस्त्यावर लाटा उठत नाहीत, सुपारीवर धूळ बसत नाही आणि म्हातारीला दार लोटावे लागत नाही, अशांसाठी आडवाटा खुल्या ठेवणे हे राज्याच्या हिताचे आहे. मात्र त्या वाटेवरून पावसाळ्यातील मध्यरात्री रुग्णवाहिका गेली, तरच दिवसा त्यावरून रमतगमत जाण्याचा आनंद निखळ म्हणता येईल. बांधकाम खाते आणि पर्यटन खाते यांनी एकाच नकाशापुढे बसून हा हिशेब पुढल्या पावसाळ्याआधी मांडावा, अशी आमची मागणी आहे.