किल्ली कोणाच्या खिशात?

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र अडले म्हणजे फिटर त्याच्या पोटात हात घालतो. स्विच त्या वेळी बंद असतो खरा. परंतु तो बंदच राहील याची हमी कोणी द्यावयाची? पाळी बदलते, निरोप पोचत नाही आणि दुसऱ्याच कोणाचा हात बटणावर पडतो. मग ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हणून सारे मोकळे होतात.

वास्तविक उपाय साधा आहे. फिटरने मुख्य स्विच बंद करून त्यास स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली खिशात ठेवावी, साठलेला दाब मोकळा करावा आणि यंत्र सुरू होत नाही हे पडताळूनच काम आरंभावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ मध्येच अशा कुलुपाची तरतूद झाली. अमेरिकेतील सर्वसाधारण नियम १९८९ चा. १९८८ साली उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ तेलफलाटावर दुरुस्तीतला पंप रात्रपाळीने सुरू केला, कारण परवान्याचा कागद तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. १६७ माणसे प्राणास मुकली.

मग कुलूप का लागत नाही? यंत्र थांबल्याचा तोटा त्याच दिवशी मालकाच्या वहीत चढतो; तुटलेल्या हाताचा तोटा मात्र कामगाराच्या घरात जन्मभर चढत राहतो. ही वाटणी बदलल्याविना कायदा कागदावरच राहणार. दुरुस्तीचा वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकातच धरला पाहिजे आणि कंत्राटी फिटरलाही त्याचे स्वतःचे कुलूप मिळाले पाहिजे. ज्याचा हात यंत्रात, त्याच्याच खिशात किल्ली, एवढाच हा न्याय आहे.