ब्राउझर हँग होतो, खापर कॉम्प्युटरवर फुटते

घरातला कॉम्प्युटर इंटरनेट वापरताना हँग होऊ लागला की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. आधी रिस्टार्ट, मग ‘व्हायरस आला असेल’, मग कोपऱ्यावरच्या दुकानातला जाणकार, त्याने मारलेले फॉरमॅट, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले की ‘आता नवाच घ्या’. या खटाटोपात एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: हे घडले तेव्हा नेमके कोणते पान उघडे होते? वर्ड चालते, गाणी वाजतात, लग्नाचे फोटो उघडतात आणि ब्राउझर तेवढा अडकतो; मग दोष आधी यंत्रात शोधायचा की त्याच्यावर येऊन पडणाऱ्या ओझ्यात? माझे मत असे की या दुखण्याचे मूळ पुष्कळदा संकेतस्थळे बांधण्याच्या आजच्या रीतीत असते. ती रीत तशीच ठेवून वापरणाऱ्याने दर चार-पाच वर्षांनी यंत्र बदलत राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ब्राउझर अडकतो म्हणजे काय होते, हे आधी पाहू. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेतून जगासमोर ठेवलेले वेब म्हणजे मजकूर आणि दुवे. ब्राउझरने ते मांडून दाखवले की त्याचे काम संपत असे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला आणि पानाला स्वतःचे प्रोग्रॅम चालवता येऊ लागले. अडचण अशी की हे प्रोग्रॅम आणि आपले क्लिक, टायपिंग, स्क्रोल ही कामे पानाच्या एकाच मुख्य रांगेतून जातात. बँकेत एकच खिडकी उघडी असावी आणि पुढचा माणूस नाण्यांची पोती घेऊन आलेला असावा, तशी मागच्यांची गत होते. पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खिडकी अडवणारे काम तंत्रज्ञांच्या हिशेबात ‘लांबलेले’ धरले जाते. ते काही सेकंद लांबले की पान प्रतिसाद देत नसल्याचा निरोप येतो आणि थांबायचे की बंद करायचे, असे विचारले जाते. प्रोसेसर बंद पडलेला नसतो. तो जिवापाड राबत असतो, फक्त आपल्यासाठी नाही.

पूर्वी एका पानाने असे केले की सगळा ब्राउझर आडवा व्हायचा. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने वेगवेगळ्या टॅबना वेगळ्या प्रक्रियांत ठेवण्याची रीत रूढ केली. फायरफॉक्सनेही २०१६ पासून पानांचे काम मुख्य खिडकीपासून वेगळे काढले. २०१८ च्या आरंभी प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष उघड झाल्यावर क्रोमने एका संकेतस्थळाचा मजकूर दुसऱ्यापासून आणखी कडेकोट वेगळा केला आणि त्यासाठी दहा ते तेरा टक्के जास्त मेमरी लागेल, हे गूगलनेच सांगितले. सुरक्षिततेसाठी ही किंमत रास्त आहे, पण चार जीबी रॅमच्या घरगुती यंत्रावर ती जाणवते. रॅम भरली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर हलवू लागते, आणि डिस्क जर फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर माउसचा बाणसुद्धा अडखळतो. म्हणजे हँग होण्याच्या निदान दोन जाती झाल्या. एकीत एखादे पान खिडकी अडवून बसते. दुसरीत सगळ्या पानांची मिळून मेमरी संपते. दोन्हींवरचा इलाज वेगळा, आणि फॉरमॅट यांपैकी एकीच्याही मुळाला हात घालत नाही.

निदान करणे अवघड नाही, म्हणूनच ते होत नाही याची चीड येते. क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट दाबून एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब, कोणते एक्स्टेन्शन किती प्रोसेसर आणि किती मेमरी खात आहे, ते तिथे ओळीने दिसते. दोषी टॅब तेवढा बंद करता येतो, बाकीचे काम जागेवर राहते. तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत नीट चालले तर संशय एक्स्टेन्शनवर घ्यावा, कारण परवानगी दिल्याशिवाय ती तिथे चालत नाहीत. कधीकाळी कूपनसाठी नाहीतर पीडीएफसाठी बसवलेले आणि मग विसरून गेलेले एखादे हमखास सापडते. व्हिडिओ किंवा नकाशा पाहतानाच पडदा गोठत असेल तर सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे, कारण ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर आणि नवा ब्राउझर यांचे पटत नाही असे पुष्कळदा घडते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्क्यांना टेकलेली दिसली, तर रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, हा खर्च खरोखर उपयोगी पडतो. मात्र ज्याला त्याला दिला जाणारा ‘कॅश साफ करा’ हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. कॅश असते ती पान लवकर उघडावे म्हणून. बिघडलेले, अर्धवट दिसणारे पान तिच्या सफाईने सुधारू शकते; गोठणारे क्वचितच. आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी जे उघडत नाही ते प्रकरण तिसरेच. तिथे पलीकडचा सर्व्हर दमलेला असतो, घरच्या यंत्राचा त्यात काही संबंध नाही.

आता मूळ आरोपाकडे. जगभरातल्या लाखो पानांचे मोजमाप ठेवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदीनुसार २०१० च्या अखेरीस डेस्कटॉपवरचे मध्यम पान पाचशे किलोबाइटच्या आत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते २,६५२ किलोबाइट झाले. यातला मोठा वाटा चित्रांचा आहे हे खरे, पण चित्रे यंत्राला फारशी अडवत नाहीत. जावास्क्रिप्ट उतरवून घ्यावी लागते, उलगडावी लागते, वाचावी आणि चालवावी लागते, म्हणून तिचा एक किलोबाइट चित्राच्या एका किलोबाइटपेक्षा कितीतरी महाग पडतो. एवढी जावास्क्रिप्ट बातमी वाचायला लागते का, याचे उत्तर मे २०१८ मध्ये अनायासे मिळाले. युरोपीय संघाचा विदासंरक्षण कायदा लागू झाला तेव्हा ‘यूएसए टुडे’ या अमेरिकी दैनिकाने युरोपातल्या वाचकांसाठी माग काढणाऱ्या स्क्रिप्ट आणि जाहिराती वगळून वेगळी आवृत्ती काढली. एका वेब-विकासकाने दोन्हींची तुलना जाहीर केली: ५.२ एमबीचे पान ५०० केबीवर आले, ४५ सेकंदांचे उघडणे ३ सेकंदांवर आले, जावास्क्रिप्टच्या १२४ फाइली होत्या त्या शून्य झाल्या. बातम्या होत्या तशाच राहिल्या. वाचकाचे यंत्रही तेच होते.

दुसरा पुरावा फ्लॅशचा, म्हणजे पानात व्हिडिओ आणि हलती चित्रे चालवणाऱ्या अडोबी कंपनीच्या जुन्या प्लगइनचा. कॉम्प्युटर अडकण्याचा दोष एके काळी फ्लॅशवर जायचा; मॅक बंद पडण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण फ्लॅशच आहे, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये जाहीरपणे लिहिले होते. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. तक्रार मात्र संपली नाही. नाचत्या जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि वाचक कुठे थांबला हे टिपणारी यंत्रणा यांतले बरेचसे तोवर जावास्क्रिप्टवर येऊन बसले होते. साधन बदलले, हाव तीच राहिली.

यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्र जुने असण्याचा. जुने यंत्र मंद असते हे मान्यच आहे. पण ते ज्याच्या तुलनेत मंद ठरते, ते माप कोण वाढवते? सॉफ्टवेअर ज्या गतीने मंदावत आहे ती गती यंत्रे वेगवान होण्याच्या गतीपेक्षा जास्त आहे, असा इशारा निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच दिला होता, म्हणजे जावास्क्रिप्ट जन्मली त्याच वर्षी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बातमी फुकट हवी तर जाहिरात सोसावी लागेल. जाहिरातीला माझा विरोध नाही. छापील अंकातही ती असते आणि तिच्यामुळे कोणाच्या हातातला अंक कधी गोठलेला नाही. अडवते ती जाहिरात दाखवण्याआधी वाचकाचा लिलाव करणारी आणि नंतर त्याच्या मागे लागणारी यंत्रणा. (हा लेख जिथे वाचला जाईल त्या व्यवसायाची संकेतस्थळे याला अपवाद आहेत, असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही.) जाहिरात रोखणारी एक्स्टेन्शन वापरणे म्हणजे चोरी असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की शोधनिकालांतल्या फसव्या जाहिरातींपासून बचावासाठी अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये तोच सल्ला नागरिकांना दिला होता. तिसरा आक्षेप असा की लोकच चाळीस-चाळीस टॅब उघडे ठेवतात. ठेवतात खरे. पण न पाहिलेले टॅब झोपवून ठेवण्याची सोय एज आणि क्रोम दोघांनीही आणली आहे, आणि झोपवण्याजोगे काही तिथे जागे असते, यातच पुष्कळ काही आले.

चुकीच्या निदानाची किंमत केवळ वेळेत मोजायची नसते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, चालती यंत्रे अडगळीच्या वाटेला लागली. त्यात ‘तसाही हँगच होत होता’ ही भावना मिसळली की ई-कचऱ्यात भर पडायला वेळ लागत नाही. याहून वाईट म्हणजे गोठण्याची भीती हा एक धंदा झाला आहे. पान मुद्दामही गोठवता येते: स्क्रिप्ट ब्राउझरला निरर्थक कामात गुंतवते, खिडकी पूर्ण पडदा व्यापते, भोंगा वाजतो आणि ‘आपला कॉम्प्युटर लॉक झाला आहे’ म्हणत एक फोन नंबर झळकतो. अशा मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुबाडणारी बेकायदा कॉल सेंटर आपल्याच देशात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झालेली प्रकरणेही होती. गोठलेला पडदा म्हणजे बिघडलेला कॉम्प्युटर, हे समीकरण ज्याच्या डोक्यात पक्के आहे तो त्या नंबरवर फोन करतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून उघडणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करता येतो आणि मग ते जुने पान पुन्हा उघडायचे नसते, एवढे ज्याला ठाऊक आहे तो करत नाही.

खासगी संकेतस्थळांवर सक्ती करणे कठीण आहे. शोधनिकालांत वर येण्याची चिंता त्यांना थोडीफार वळण लावते. क्लिक केल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ दोनशे मिलिसेकंदांच्या आत असावा, हा निकष गूगलने मार्च २०२४ पासून आपल्या मुख्य मापांत घेतला आहे. सरकारी संकेतस्थळांची गोष्ट वेगळी. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी नागरिकाला दुसरे दुकान नसते. ब्रिटनच्या सरकारी सेवांना नियम आहे की पान आधी साध्या एचटीएमएलवर चालले पाहिजे, जावास्क्रिप्ट हा वरचा साज. तिथल्या चमूने २०२२ मध्ये जेक्वेरी ही जुनी स्क्रिप्ट काढून टाकली, तेव्हा मंद जोडणी आणि कमकुवत यंत्रे वापरणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. आपल्याकडे एवढे मोठे धोरण येईपर्यंत निविदेत एक अट घालता येईल: चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर, दहा टॅब उघडे ठेवून, संपूर्ण अर्ज भरून दाखवल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल मंजूर होणार नाही. त्यासाठी खर्च एका जुन्या कॉम्प्युटरचा आहे, आणि तो बहुतेक कार्यालयांत कपाटावर धूळ खात असतोच.