अलामो आठवतो, करार कुणाला आठवतो?

साथींनो, अमेरिकेतलं टेक्सास पूर्वी मेक्सिकोत होतं. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वातंत्र्यासाठी बंड केलं. २३ फेब्रुवारी १८३६ ला मेक्सिकोच्या फौजेने अलामोच्या गढीला वेढा घातला. तेरा दिवसांनी गढी पडली, आतले लढणारे जवळजवळ सगळे मेले. पुढे ‘अलामो आठवा’ अशी आरोळी देत बंडवाले जिंकले. ती आरोळी तिथे अजून अभिमानाने सांगतात. मेले ते शूर होते, आम्ही नाही म्हणत नाही.

पण वेढा पडला त्याच दिवशी बंडवाल्यांच्या सरकारने तिथल्या चेरोकी आदिवासींशी करार केला होता. त्यांनी लढाईत मेक्सिकोकडे जाऊ नये, म्हणून त्यांची जमीन त्यांना लिहून दिली. सह्या झाल्या. राज्य आलं, आणि १८३७ ला सिनेटने करार रद्द केला. १८३९ ला फौज पाठवून चेरोकींना हाकललं. त्यांचे म्हातारे पुढारी बाऊल्स तिथेच मारले गेले. (मेक्सिकोने १८२९ ला गुलामी बंदीचा हुकूम काढला होता, स्वतंत्र टेक्सासने गुलामी घटनेतच घातली!)

आपल्या पाड्यांवरही दंडाच्या पावत्या डब्यात जपलेल्या आहेत. मोर्चाला येताना त्या आणा. साहेबाला नक्कल द्या, पोच घ्या. मूळ पावती कुणाच्याच हातात देऊ नका.