अर्ध्या पेनीचं डांबर

चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालणाऱ्याला आपण हसतो. इंग्रजांची एक म्हण त्याच्या उलट माणसाला हसते: अर्ध्या पेनीच्या डांबरासाठी जहाज घालवू नये. जुन्या हिशेबात एका पौंडात २४० पेनी, त्यातली ही अर्धी. जहाजाच्या फटी डांबराने बुजवत, म्हणून म्हण खलाशांची वाटते. मुळात ती मेंढपाळांची. मेंढीच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणून डांबर फासत. काही इंग्रजी बोलींत ‘शीप’ (मेंढी) आणि ‘शिप’ (जहाज) यांचा उच्चार एकच होता, त्यातून मेंढीचं जहाज झालं. मला मेंढीच पटते. डांबर वाचवलं त्या दिवशी ती मजेत चरत असते. अळ्या नंतर पडतात.

मंडळी, असलं डांबर आपल्या दारातही असतं: दुचाकीचा विमा जरा काढून बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. तो संपतो तेव्हा आठवण नसते, आणि असली तरी ‘गाडी गावातच तर फिरते’ म्हणून राहून जातं. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, वर कर. या विम्यातून स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला एक पैसा मिळत नाही, म्हणून तो लोकांना फुकटचा खर्च वाटतो. पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, पण पकडतंय कोण, असा हिशेब चालतो.

हिशेब दंडाचा नाहीच. तुमच्या गाडीच्या धक्क्याने कुणी दगावलं किंवा जन्माचं अधू झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचं वय, कमाई आणि त्याच्यावर पोसली जाणारी माणसं बघून भरपाई ठरवतं. कमावता माणूस असेल तर रक्कम सहज लाखांत जाते. विमा असला की कंपनी भरते. नसला तर मालकाच्या मानेवर बसते, आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. गाडी भाचा चालवत होता, असं सांगून सुटका होत नाही. गाडी विकून टाकली पण नाव बदलायचं राहिलं, तरी कागदोपत्री मालक तुम्हीच.

गॅसच्या नळीचंही तेच. पाच वर्षांनी ती बदलायची असते, आणि खर्च काहीशे रुपयांचा. आयएसआय नसलेल्या रस्त्यावरच्या हेल्मेटबद्दल तर बोलायलाच नको. ते पोलिसांना दाखवायला असतं, डोकं वाचवायला नाही.

काटकसर करू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. भाजीवालीशी घासाघीस करा (मी करतोच), जुन्या चादरीची पायपुसणी शिवा, मोबाइल आणखी दोन वर्षं ओढा. यातली वस्तू बिघडली तर तेवढीच जाईल. ज्या स्वस्त वस्तूच्या भरवशावर माणूस किंवा घर उभं आहे, तिथे मात्र हात आखडू नका. विकत घेण्याआधी एवढंच विचारा: ही दगा देईल तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय जाईल?

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. नळीवर तारीख छापलेली असते. शेगडीमागे वाकून बघावं लागेल, बॅटरी जवळ ठेवा.